घणसोलीच्या भरावावर फळबाग लावण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणाला लागून घरामागे ३० बाय ८० फूट मोकळी जागा आहे. लांबी दक्षिणोत्तर, घर उत्तरेला, आणि दक्षिणेच्या कुंपणापासून १५ फुटांवर सात मजली इमारत. जमीन पंधरा वर्षांपूर्वी भराव टाकून उंच केलेली. बोअरचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागते. लावायच्या यादीत चार हापूस, चार नारळ, दोन चिकू, दोन पेरू, दोन सीताफळे, दोन लिंबे आणि फणस, जांभूळ, आवळा, कोकम प्रत्येकी एक, अशी वीस झाडे. तीन फुटी खड्डे घेऊन मृगाच्या पहिल्या पावसात लावून टाकू का, असे विचारले आहे.

खड्डे घेऊ नका, वीस झाडे लावू नका आणि मृग गाठायची घाईही करू नका. या जागेत कोणती जात लावायची हा शेवटचा प्रश्न आहे. आधी दोन गोष्टी ठरतात: हिवाळ्यात ऊन कुठवर पोचते आणि जुलैत पाणी कुठे थांबते.

उन्हापासून सुरुवात करू, कारण ते कुणालाच बदलता येत नाही. आपल्याकडे २१-२२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य सर्वांत वर आलेला असतो, तरीही तो दक्षिणेकडे झुकलेला आणि क्षितिजापासून जेमतेम साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साधारण नऊ-दशांश पडते. सात मजली इमारत ७० फूट धरली तर सावली ६४ फूट. मधले १५ फूट वजा केले की तुमच्या जागेतले दक्षिणेकडचे ४९ फूट ऐन दुपारी सावलीत जातात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हीच सावली २४ फुटांवर येते, म्हणजे कुंपणाच्या आत फक्त ९ फूट उरते. जूनमध्ये सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, तेव्हा ती जवळपास नाहीशीच होते. एप्रिल-मे महिन्यांत जागा बघून 'भरपूर ऊन आहे' असे ठरवणारे इथेच फसतात. आंब्याचा मोहोर डिसेंबर-जानेवारीत येतो आणि नेमका तेव्हाच निम्म्याहून अधिक प्लॉट सावलीत असतो. सावलीतला आंबा पालवी भरपूर काढतो, मोहोर तुरळक धरतो आणि धरलेल्या मोहोरावर भुरी (पांढरी बुरशी) आधी येते. म्हणून आंब्याची जागा उत्तरेकडच्या ३० फुटांतच. इमारतीची रुंदी आणि शेजारची घरे यांमुळे सकाळ-संध्याकाळची सावली वेगळी पडेल. डिसेंबरात एक दिवस सकाळी दहा, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता सावलीच्या कडेवर फक्कीच्या खुणा केल्या की खरा नकाशा हातात येतो. लावणी याच वर्षी करायची असेल तर वरचा हिशेब पुरेसा आहे.

आता पाणी. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाडीकडच्या भरावाचा थर साधारण असा असतो: वर मुरूम आणि राबीट (पाडकामाचे तुकडे आणि चुरा), ते डंपर-रोलरखाली दाबून घट्ट झालेले, आणि खाली चिकट खारी माती. अशा जमिनीत तीन फूट खड्डा खणून त्यात छान लाल माती भरली की तो खड्डा म्हणजे एक हौद होतो. आजूबाजूचे पाणी मोकळ्या मातीत उतरते आणि तळातून बाहेर जायला वाट नसते. वरून माती ठीक दिसते, पण दीड फुटाखाली मुळे आठवडाभर पाण्यात बुडालेली असतात. ऑगस्टमध्ये पाने मलूल होतात. माणसाला वाटते पाणी कमी पडले. कलम उपटून पाहिले की मुळे काळी आणि आंबूस वासाची निघतात. चांगल्या डोंगरउतारावर तीन फुटी खड्डाच योग्य, तिथे मुळांना फोडून दिलेली जमीन हवी असते. तुमच्याकडे तोच खड्डा झाड मारतो.

खात्री करून घ्यायची असेल तर तीन ठिकाणी एक फूट रुंद आणि दोन फूट खोल भोक घ्या. काठोकाठ पाणी भरून जिरू द्या. दुसऱ्यांदा भरा आणि तासाला किती इंच उतरते ते काडीवर खूण करून मोजा. दोन इंच किंवा जास्त उतरले तर उत्तम. एक इंचाच्या आत असेल तर उंचवट्याशिवाय झाड लावण्यात अर्थ नाही. खणताना काय निघते तेही बघा. सिमेंटचे तुकडे, चुन्याचा गिलावा, टाइल्सचे कपचे निघाले तर मातीचा सामू (पीएच) आठच्या वर असण्याची शक्यता मोठी. अशा मातीत लिंबू आणि पेरूची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता आहे. युरिया टाकून ती जात नाही. झाडाच्या जागेभोवती चार फुटांतले राबीट हाताने वेचून बाहेर काढणे हाच खरा उपाय.

बोअरच्या पाण्यासाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर घ्या आणि मे महिन्यात मोजा, कारण तेव्हा खारटपणा सर्वांत जास्त असतो. ६०० पीपीएमच्या आत असेल तर काहीही लावा. १,००० ते १,५०० असेल तर चिकू आणि नारळ निभावतात, पण आंबा, लिंबू, केळी आणि पपई कुरकुर करतात: जुन्या पानांची टोके आणि कडा करपायला लागतात. २,००० च्या वर गेले तर ते पाणी झाडांना देऊच नका, पावसाचे पाणी साठवण्याची सोय आधी करा. मचूळ पाणी देताना एक चूक सर्रास होते. रोज थोडे थोडे शिंपडले जाते, पाणी उडून जाते आणि मीठ वरच्या चार इंचांत साठते. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, पण मुळांच्या खालपर्यंत जाईल असे भरपूर द्या.

या तीन कसोट्या लावल्या की यादी आपोआप छाटली जाते. फणस बाद. त्याला पाणी थांबलेले अजिबात चालत नाही आणि जागा ३० फूट लागते. जांभळाला ओल चालते, बदलापूरच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकनही आहे, पण ते झाड मोठे होऊन शेजाऱ्याच्या छपरावर जाते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महापालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 'लावून तर बघू, नको वाटले तर काढू' हा हिशेब शहरात चालत नाही. सीताफळ कोरड्या, हलक्या जमिनीचे आहे, भरावाच्या ओलीत त्याची मुळे कुजतात. आवळ्याला सावली नको आणि एकट्या झाडाला फळधारणा कमी, दोन वेगळ्या जाती लागतात. तेवढी जागा नाही.

उरतात ती नऊ झाडे, आणि ती अशी बसवा.

उत्तरेकडच्या ३० बाय ३० फुटांत चार झाडे, एकमेकांपासून १५ फुटांवर आणि कुंपणापासून साडेसात फूट आत: दोन आंबे, एक चिकू, एक कागदी लिंबू. आंब्यात चारही हापूस लावण्याचा मोह सोडा. हापूस वर्षाआड धरतो, त्यात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणे) होतो, आणि रत्नागिरी-देवगडच्या कातळावर त्याला जे मिळते ते खाडीकाठच्या भरावावर मिळत नाही. एक रत्ना घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेली ही जात दरवर्षी धरते, गरात रेषा नाहीत आणि साका होत नाही. दुसरा केसर. हापूस हवाच असेल तर केसरच्या जागी एक लावा, पण एका वर्षाआड रिकाम्या झाडाची तयारी ठेवा. चिकू कालीपत्तीच घ्या, आणि खिरणीच्या खुंटावरचे (म्हणजे खालचा, मुळांचा भाग खिरणीचा असलेले) कलम आहे याची खात्री करून घ्या. या जागेत सर्वांत बिनघोर वाढणारे झाड तेच आहे.

मधल्या २० फुटांत पश्चिम कुंपणापासून १२ फुटांवर एक नारळ आणि पूर्वेच्या बाजूला दहा फूट अंतराने दोन सरदार पेरू. नारळ शहाळ्यासाठीचा ठेंगू, ऑरेंज डार्फ. शहरात नारळावर चढणारा माणूस मिळणे कठीण झाले आहे आणि उंच माडाचा नारळ कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. पेरूला इथे डिसेंबरच्या आसपास काही आठवडे दुपारची सावली लागेल, पण तो नव्या फुटीवर धरतो, त्यामुळे निभावतो.

दक्षिणेकडच्या ३० फुटांत एक कोकम आणि एक जाम, म्हणजे ते पांढरे, पाणीदार, घंटेसारखे फळ. कोकम मुळातच मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. फक्त बीचे रोप घेऊ नका. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बीचे रोप नर निघण्याची शक्यता निम्मी, आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. कोकण अमृता या जातीचे कलम घ्या. जामाला ओल चालते, म्हणून सर्वांत सखल कोपरा त्याचा. याच भागात उंच वाफ्यावर केळीचे दोन बुंधे आणि कुंपणाच्या कडेने अननस बसतो. केळीच्या प्रत्येक बुंध्यात तीनच ठेवा: एक घडाचे, एक अर्धे वाढलेले, एक पिल्लू. बाकीची पिल्ले जमिनीलगत कापत राहा, नाहीतर घड मनगटाएवढा येतो.

उत्तर भागात आंबे लहान आहेत तोवर मधल्या जागेत चार पपया लावता येतील. रेड लेडी जातीत बहुतेक झाडांना नर-मादी एकत्र असलेली फुले येतात, त्यामुळे नर रोपाची भीती नाही. पण पपईच्या बुंध्याशी दीड-दोन दिवस पाणी थांबले तरी ती जाते, म्हणून तिलाही उंचवटा हवाच. तिसऱ्या वर्षी त्या काढायच्या. आंब्याचे ऊन पपईने खाल्ले तर कमावलेले घालवल्यासारखे होते.

आता उंचवटे. एप्रिलच्या अखेरीस कामाला लागा. प्रत्येक झाडाच्या जागी सहा फूट व्यासाचे वर्तुळ आखा. आतला घट्ट थर पहारीने फूटभर खोल फोडा. माती उपसायची नाही, फक्त सैल करायची आणि राबीट वेचायचे. त्यावर खाली सहा फूट, माथ्यावर चार फूट आणि दीड फूट उंच असा माथा-सपाट ढीग घाला. त्याला साधारण ३० घनफूट माती लागते, म्हणजे एका ब्रासमध्ये (१०० घनफूट) तीन उंचवटे. नऊ झाडांना तीन ब्रास, आणि माती बसते म्हणून अर्धा ब्रास जास्त मागवा. मिश्रण तीन भाग लाल माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. प्रत्येक उंचवट्यात एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो निंबोळी पेंड. माती घेताना डंपर रिकामा होण्यापूर्वी मूठभर ओली करून वळून बघा. लांब वळी होऊन तुटत नसेल तर ती चिकणमाती आहे, परत पाठवा. शेणखत हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते कच्चे आहे. कच्च्या खताने वाळवी आणि हुमणी येते, मुळेही भाजतात.

दोन रांगांच्या मधून एक फूट रुंद, नऊ इंच खोल चर काढा आणि दर १० फुटांना एक इंच उतार देत तो गटाराकडे न्या. ८० फुटांत आठ इंच उतार लागतो, तो डोळ्यांनी जमत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतो तशी काढा. सबंध कामात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त उपयोगाची गोष्ट हा चरच आहे.

लावणी मृगात करू नका असे म्हटले ते यासाठी की नव्या उंचवट्यांना दोन-तीन चांगले पाऊस खाऊ द्यायचे. ते दोन-चार इंच बसतात, फटी दिसतात, कुठे पाणी कापते ते कळते. तेवढी डागडुजी करून आर्द्रा नक्षत्रात, जूनच्या अखेरीस, उघडीप बघून लावा.

कलमे घेताना उंचीवर जाऊ नका. पाच फुटी कलम छोट्या पिशवीत असेल तर मुळे आत गोल फिरलेली असतात आणि ती जमिनीतही तशीच फिरत राहतात. दीड-दोन फुटांचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, जोड पक्का भरलेले, किमान दोन वेळा पालवी येऊन पाने गडद झालेले कलम चांगले. पिशवीतच फळ लागलेले झाड पाहून भुलू नका. ते फळ झाडाच्या जिवावर आलेले असते. विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेतून घेतलेले बरे, कारण आंब्याच्या पानावरून जात ओळखणे सोपे नसते आणि चूक कळायला पाच वर्षे लागतात.

लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढायची. हे सांगावे लागते, कारण तळ फाडून पिशवीसकट लावलेली झाडे जागोजाग दिसतात. मातीचा गोळा फुटू न देता बाजूने चीर द्या, तळाची गुंडाळलेली मुळे इंचभर कापा. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच नवी माती यावी आणि कलमाचा जोड त्यापासून किमान चार इंच वर राहावा. जोड मातीत गेला तर वरच्या कांडीला स्वतंत्र मुळे फुटतात किंवा जोडच कुजतो. जोडावरची प्लास्टिक पट्टी अजून असेल तर ब्लेडने कापून काढा, नाहीतर खोड जाडावले की ती गळफासासारखी आवळते. माती पायाने नव्हे, हाताने दाबा. पावसाळी वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, त्या बाजूला बांबू रोवून सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. नारळाचे रोप तेवढे वेगळे: नारळ मातीखाली जेमतेम झाकला जाईल एवढेच पुरा, पुढे दरवर्षी बुंध्याला भर देत जा.

पहिल्या पावसात जोडाखालून खुंटाची फूट येईल. ती जोमदार असते आणि पाहणाऱ्याला आनंद होतो. ती लगेच खुडून टाका. ती वाढली तर वरचे कलम सुकते आणि तुमच्याकडे बेवारशी रायवळ आंबा उरतो.

पाऊस गेला की ऑक्टोबरचे ऊन लहान कलमांना मेच्या उन्हाइतकेच कठीण जाते. तेव्हा आळे करा, पण खोडाभोवती सहा इंच माती उंच ठेवून बाहेरच्या कड्यात पाणी द्या. लिंबाला हे दुहेरी आळे विशेष गरजेचे, कारण बुंधा ओला राहिला की डिंक्या होतो. आंबा आणि चिकूला पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण ३० लिटर, दोन हप्त्यांत. वर सुक्या पाल्याचे चार इंच आच्छादन, खोडाला टेकू न देता. आंब्याला पहिल्या वर्षासाठी एक घमेले शेणखत, ३०० ग्रॅम युरिया, ३०० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि १०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश हे प्रमाण धरा, आणि दरवर्षी तेवढेच वाढवत दहाव्या वर्षी दहापटीवर थांबा. मोठ्या पावसात युरिया वाहून जातो, म्हणून तो दोन भागांत द्या: अर्धा जूनमध्ये, अर्धा पाऊस ओसरताना. उंचवट्यात सुपर फॉस्फेट आधीच आहे, ते पहिल्या वर्षी वगळा.

१५ फुटांवर आंबा ठेवायचा तर तो लहानपणीच आवरावा लागतो. खोड अडीच फुटांवर पोचले की शेंडा कापा. खालून फुटलेल्या फांद्यांतल्या चार दिशांच्या चार ठेवा. त्या दोन फूट झाल्या की पुन्हा शेंडे मारा. पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी खुडायचा. पुढे छाटणी फळे उतरल्यावर लगेच, जूनच्या मध्यापर्यंत उरकायची. ऑगस्टमध्ये छाटलेल्या झाडाची नवी काडी हिवाळ्यापर्यंत पिकत नाही आणि त्या वर्षी मोहोर चुकतो. झाड दहा फुटांच्या वर जाऊ देऊ नका. हाताने फळ काढता आले पाहिजे आणि कागदी पिशवीही बांधता आली पाहिजे.

किडींत तीन गोष्टींवर नजर हवी. आंब्याच्या खोडातून लाकडाचा भुसा गळताना दिसला तर आत भिरूड आहे. त्याच दिवशी तार घालून अळी ओढून काढा, महिनाभर थांबलात तर झाड जाते. नारळाच्या कोवळ्या पानाला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी खाचे पडले तर तो गेंड्या भुंगा. तो शेणखताच्या आणि कुजणाऱ्या पाल्याच्या ढिगात वाढतो, म्हणून खताचा खड्डा नारळापाशी करू नका आणि महिन्यातून एकदा ढीग उलटून पांढऱ्या जाड अळ्या वेचा. पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरली की भुंगा आत शिरत नाही. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. सकाळी हाताने वेचली तरी पुरते, पण आठवडा चुकवला तर लहान झाड निष्पर्ण होते.

फळमाशीसाठी आंबा अंड्याएवढा झाला की वर्तमानपत्राची पिशवी चढवा. पेरूचे मात्र एप्रिल-मेमधले फूल खुडून पावसाळी बहार जाऊ द्या. त्या फळांत अळ्या होतातच, आणि त्यात पोसलेली माशी पुढच्या बहाराला नडते. हिवाळ्याचा पेरू गोड असतो आणि तोच धरायचा.